परदेशातला किराणा आणि आपला विवेक



आपल्या बीड जिल्ह्यातून पूर्वी मुलं शिकायला बाहेर जायची म्हणजे अंबाजोगाईला, फार तर औरंगाबादला नाहीतर पुण्याला. आता गेवराई असो, माजलगाव असो की आष्टी, दशलक्षणात मंदिरात बायका जमल्या की कळतं, कुणाची लेक न्यू जर्सीत, कुणाची सून मेलबर्नला, कुणाचा नातू दुबईत. आणि या सगळ्या आयांच्या फोनवर एकच प्रश्न येतो. मुलगी दुकानात उभी असते, पुड्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "आई, हे चालतं का?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. मी मराठवाडा विद्यापीठाची बी.कॉम. आहे. आम्हाला बाजार शिकवला तो मागणी-पुरवठ्याचा, जमाखर्चाचा. पण ज्याला खाण्यापिण्याचे नियम आहेत असं माणूस परक्या बाजारात गेलं तर ते कुणाला विचारतं, आणि उत्तर द्यायला दुकानदार कधीपासून बांधील झाला, हे कुठल्या पेपरात नव्हतं. म्हणून आज या प्रश्नाचाच इतिहास सांगायचं मनात आहे. तो आपल्या मुलींच्या उपयोगाचा आहे, आणि आपल्याही.

आपल्या घरातलं जुनं ग्राहकशास्त्र

पुड्यावर 'अमुक तारखेपूर्वी वापरा' असं छापायला लागून फार दिवस झाले नाहीत. आपल्या घरात मात्र प्रत्येक जिनसाची मर्यादा पूर्वीपासून ठरलेली आहे. पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस, पावसाळ्यात तीन दिवस. गाळलेल्या पाण्याची मर्यादा वेगळी, उकळलेल्या पाण्याची वेगळी. माझ्या सासूबाईंना शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण जात्यावर दळलेल्या कुठल्या डब्यातलं पीठ कुठल्या दिवशी संपवायचं हे त्यांच्या बोटांवर असायचं. त्यामागे जीवदया होतीच, पण त्यात व्यवहारही होता. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. हे आपल्या भागातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

घेणाऱ्याला जसे नियम तसेच विकणाऱ्यालाही. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यात चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणं आहे, आणि घ्यायचं एक माप आणि द्यायचं दुसरं माप ठेवणं हेही आहे. तत्त्वार्थसूत्रातही हेच दोष येतात. म्हणजे भेसळ आणि खोटं माप हा आपल्याकडे आधी व्रतभंग होता, कायद्याने गुन्हा ठरला तो फार नंतर. आपला समाज व्यापारी. त्यामुळे काट्याच्या दोन्ही बाजूंना कसं वागायचं, हे आपल्याला घरातच शिकवलेलं होतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही सगळी व्यवस्था ओळखीवर चालायची. गहू कुणाच्या शेतातला, तेल कुठल्या घाण्याचं, दूध कुणाच्या गोठ्यातलं, सगळं माहीत असायचं. घराण्याचा किराणा दुकानदार ठरलेला असायचा. पुड्यावर लिहायची गरजच नव्हती, कारण मालामागचं माणूस समोर बसलेलं असायचं. हे माणूस नाहीसं झालं की काय होतं, ते पहिल्यांदा कळलं समुद्र ओलांडून गेलेल्यांना.

विचारणारी पहिली पिढी

आपल्या मराठी बायकांत अशी पहिली आठवते ती आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. न्यू जर्सीत रोझेल नावाच्या गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिली आणि मग फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात गेली. शाकाहार आणि साडी दोन्ही तिने सोडले नाहीत. जाण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत, म्हणजे बंगालातल्या श्रीरामपूरला, तिने उघड सांगितलं होतं की आपण आपला धर्म सांभाळूनच जाणार आणि तसंच परत येणार. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली. तिच्या आजाराला परदेशातलं अन्नच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण कडाक्याची थंडी, अभ्यास, एकटीचा स्वयंपाक आणि हाताशी आपलं म्हणावं असं एकही दुकान नाही, हे डोळ्यांसमोर आणलं की पोटात कालवतं. आज त्याच न्यू जर्सीत, रोझेलपासून फार लांब नाही अशा एडिसन-इसेलिनच्या ओक ट्री रोडवर, ओळीने भारतीय दुकानं आहेत. आनंदीबाईला यातलं मूठभर मुगाची डाळसुद्धा दुकानातून मिळाली नसती.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, मोहनदास गांधी विलायतेला निघाले. त्यांची आई पुतळीबाई तयार होईना. तेव्हा बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी मध्यस्थी केली आणि मोहनदासांना मांस, मद्य आणि परस्त्री यांच्या त्यागाची शपथ दिली, मगच आईने होकार दिला. म्हणजे गांधीजींच्या लंडनमधल्या प्रत्येक जेवणामागे एका जैन साधूने दिलेलं व्रत होतं, ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी.

लंडनला त्यांचे हाल झाले. सकाळची ओटची लापशी पोट भरायची, पण दुपारी आणि रात्री उपाशीच. पावाचे दोन-तीन तुकडे खायचे आणि आणखी मागायला लाज वाटायची. फिरता फिरता फॅरिंग्डन स्ट्रीटला एक शाकाहारी खाणावळ सापडली. तिथे हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक एका शिलिंगला विकत घेतलं आणि इंग्लंडला आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण खरी गंमत पुढे आहे. तिथल्या शाकाहारी लोकांत मांस म्हणजे काय याच्या तीन व्याख्या चालत. एक, फक्त पशुपक्ष्यांचं मांस, मासे चालतात. दोन, मासेही नाहीत पण अंडी चालतात. तीन, अंडी नाहीत आणि दूधही नाही. गांधीजींनी काही दिवस अंडी खाऊन पाहिली. मग त्यांच्या मनात आलं, शपथ देताना माझ्या आईच्या मनात मांसाचा जो अर्थ होता, तोच मला बांधील. आईच्या लेखी अंडं मांसातच होतं. अंडी सुटली, आणि अंडी सुटल्याबरोबर शाकाहारी खाणावळीतसुद्धा प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारावं लागू लागलं, कारण तिथल्या पुडिंगात आणि केकमध्ये अंडी असायची.

मैत्रिणींनो, आपल्या मुली आज पुडा उलटून जे करतात, ते हेच. फरक इतकाच की तेव्हा छापलेलं काही नव्हतं, वाढणाऱ्याला तोंडानेच विचारावं लागे. आणि तेव्हाही अडचण एकाच शब्दाच्या तीन अर्थांची होती, आजही तीच आहे.

ओळखीचं दुकान

एकट्यादुकट्या विद्यार्थ्याला विचारत राहणं जमतं. कुटुंबच्या कुटुंबं गेली की दुकान लागतं.

आपल्या ओसवाल बांधवांपैकी जामनगरकडच्या हालार भागातले लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केनियात जाऊ लागले. आफ्रिकेच्या आतल्या गावांपर्यंत त्यांनी दुकानं नेली. तिथे अशा भारतीय दुकानदारांना 'दुकावाला' म्हणत. आपल्या 'दुकान' शब्दाचंच हे रूप.

१९५६ मध्ये केनियाहून लक्ष्मीशंकर पाठक आणि त्यांच्या पत्नी शांतागौरी मुलाबाळांसह लंडनला आले. घरच्या स्वयंपाकघरात समोसे आणि मिठाई करून विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली, मग ड्रमंड स्ट्रीटला दुकान घातलं. पुढे लोणची आणि मसाल्यांच्या बरण्यांमुळे 'पटाक्स' हे नाव जगभर झालं. कंपनीच्या गोष्टीत नाव पुरुषाचं येतं, पण पहिली कढई शांतागौरींची होती.

मग आलं १९७२ साल. युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. हजारो कुटुंबं हातात बसेल तेवढं सामान घेऊन ब्रिटनला आली. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका. लोक तिथेच गेले. त्यांनी दुकानं थाटली, आणि त्याच लेस्टरमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन मंदिर उभं राहिलं. १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी, सगळ्यांना एकाच छपराखाली जागा. आपल्याकडे एवढ्या जवळ राहून जे सहज जमत नाही, ते परदेशातल्या गरजेने घडवलं.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्यानंतर भारतीय डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने जाऊ लागले. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर पटेल बंधूंचं पहिलं दुकान निघालं, आज देशभर त्यांच्या शाखा आहेत. या दुकानांत लिज्जतचा पापडही पोचला. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर लाटायला घेतलेला तो पापड.

या ओळखीच्या दुकानाने फार मोठं काम केलं. तिथे आपल्या भाषेत विचारता यायचं, दुकानदारीणबाई स्वतः चौविहार पाळणारी असायची. पण त्यालाही मर्यादा होती. ही दुकानं बहुतेक गुजराती बांधवांची. तिथे थेपला मिळे, गोडा मसाला आणि मेतकूट नाही. ते आपल्या बॅगांमधूनच जायचं. आणि मुलं शाळेत जाऊ लागली की डब्यात, वाढदिवसात, सहलीत परक्या दुकानाची बिस्किटं आणि चॉकलेटं येणारच. तिथे ओळख कामाला येत नाही. तिथे लिहिलेलंच वाचावं लागतं.

ठिपका कसा मिळाला

लिहिलेलं वाचायची गरज आपल्याला इकडेही पडली, तीही एका धक्क्याने. १९८३ मध्ये आयात केलेली गाईची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याच्या आरोपांनी देश हादरला. माझ्या लग्नाला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. आमच्या घरी डालडाच्या जातीचं तूप फक्त दिवाळीच्या तळणापुरतं यायचं. तरी सासूबाईंनी सगळे डबे अंगणात काढून राखेने घासायला लावले होते. ओळखीच्या दुकानदाराकडूनच डबा आणला होता, पण डब्यात काय आहे हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? सीलबंद डबा आला आणि ओळखीची साक्ष संपली.

महाराष्ट्रात ग्राहकांची चळवळ याआधीच सुरू झाली होती. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याचं सामान एकत्र घ्यायचं आणि आपसात वाटून घ्यायचं. हे काम मुख्यतः बायकांनीच चालवलं. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. आणि २००१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका हवाच. आता नव्या नियमाने तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला आहे, कारण ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांनाही तो कळावा. आपल्या नियमाप्रमाणे अंडं मांसाहारात धरलं जातं. असा सक्तीचा ठिपका आपल्या मुलींना परदेशी दुकानात मिळत नाही, तेव्हा त्याची किंमत कळते.

त्याच २००१ साली अमेरिकेत मोठी गोष्ट घडली. मॅकडॉनल्ड्सने १९९० मध्ये जाहीर केलं होतं की आता बटाट्याचे फ्राइज पूर्णपणे वनस्पती तेलात तळले जातील. आधी ते गाईच्या चरबीत तळत. अनेक शाकाहारी कुटुंबं निर्धास्तपणे मुलांना तिथे नेऊ लागली. पुढे कळलं की तेल बदललं तरी फ्राइजना चव देण्यासाठी गोमांसाचा अंश वापरला जात होता, आणि घटकांत त्याला 'नॅचरल फ्लेवर' एवढंच म्हटलं होतं. सिॲटलच्या हरीश भारती नावाच्या भारतीय वकिलाने दावा लावला. २००२ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि शाकाहारी व धार्मिक संस्थांना मिळून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. भारतातल्या फ्राइजमध्ये असं काही नसल्याचं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. आपण बटाटा खात नाही, म्हणून आपला याच्याशी संबंध नाही असं समजू नका. 'नॅचरल फ्लेवर' या दोन शब्दांमागे काय असू शकतं, हे जगाला या दाव्याने कळलं.

दुसरी गोष्ट इंग्लंडची, मे २००७ ची. मार्स कंपनीने सांगितलं की आमच्या चॉकलेटांत आता जे व्हे वापरणार, ते जनावराच्या जठरातल्या रेनेटने केलेलं असेल. व्हे म्हणजे चीज करताना उरणारी निवळी. हजारो लोकांनी फोन आणि पत्रं पाठवून तक्रारी केल्या. काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. कोर्टकचेरी नाही, मोर्चा नाही. नुसतं विचारल्याने आणि नापसंती कळवल्याने हे झालं.

आज मुलींनी काय वाचावं

आता थोडं कामाचं. माझी लेक इंग्लंडमध्ये आहे. तिच्याबरोबर तिथल्या दुकानांतून फिरताना जे शिकले ते वहीत टिपून ठेवलं होतं, त्यातलं निवडक देते.

पहिलं, 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं असलं तरी तिकडे त्यात अंडं असू शकतं. गांधीजींच्या वेळची दुसरी व्याख्याच तिकडे रूढ झाली. अंडं झटकन शोधायचं असेल तर अॅलर्जीची माहिती बघावी. ब्रिटनमध्ये १४ अॅलर्जीकारक पदार्थ घटकांच्या यादीत ठळक छापावे लागतात, त्यात अंडं, दूध आणि मासे येतात. अमेरिकेतही २००४ च्या कायद्याने अंडं, दूध, मासे स्पष्ट सांगावे लागतात.

दुसरं, जिलेटिन अॅलर्जीच्या यादीत सापडेलच असं नाही. ते हाडा-कातड्याचं असतं आणि मुलांच्या जेलीच्या गोळ्यांत, मार्शमेलोत, काही दह्यांत आणि औषधाच्या कॅप्सूलमध्येही असतं. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून करतात. ई ४७१ वनस्पतीचाही असतो आणि चरबीचाही, म्हणून विचारल्याशिवाय कळत नाही. काही पावांत ई ९२० असतं, ते पिसांपासूनही काढतात.

तिसरं, चीज. शाकाहारी रेनेटचं चीज सगळीकडे मिळतं. पण इटलीचं खरं पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनेच करायचं असा तिकडचा नियमच आहे. पास्त्यावर वरून भुरभुरलेलं ते चीज शाकाहारी कधीच नसतं. वूस्टर सॉसमध्ये मासे असतात.

चौथं, 'व्हीगन' लिहिलेला पुडा आपल्याला बराच सोपा पडतो. त्यात अंडं नाही, जिलेटिन नाही, मधही नाही. हा शब्द १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रमंडळींनी रूढ केला, आणि वॉटसन तेव्हा लेस्टरलाच राहत होते. पुढे जिथे आपलं मंदिर झालं तेच शहर. पण व्हीगन म्हणजे जैन नव्हे. कांदा, लसूण, बटाटा, यीस्ट सगळं त्यात असतं. अमेरिकेत एक बरं आहे, कांदा-लसणाची पावडर नुसत्या 'मसाले' या शब्दाखाली लपवता येत नाही, नाव लिहावं लागतं. 'फ्लेवर' लिहिलं असेल तर मात्र कंपनीला विचारावं. बहुतेक कंपन्या उत्तर देतात.

पाचवं, आपला हिरवा ठिपकाही आपल्यापुरता पुरेसा नाही. मधाच्या बाटलीवर हिरवाच ठिपका असतो. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा आपल्या मूलगुणांचा पाया, आणि सरकारी नियमात मध शाकाहारी. सरकारची चूक नाही. ठिपका सगळ्या देशासाठी आहे, व्रत आपलं आहे.

आणि आपल्या बॅगांबद्दल. ब्रिटनमध्ये भारतातून दूध-तुपाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे आणि तूप प्रेमाने भरून देऊ नका, विमानतळावर टाकून द्यावं लागतं. दुबईला खसखस चुकूनही पाठवू नका, तिथे तिच्यावर बंदी आहे आणि माणूस अडचणीत येतं. ऑस्ट्रेलियाला जाताना खाण्याचं जे असेल ते फॉर्मवर लिहून दाखवायचं. आणि पिठाच्या मर्यादेसाठी घरघंटी द्यायचा विचार असेल तर आधी व्होल्टेज बघा. इंग्लंडला आपली घरघंटी आणि मिक्सर चालतात, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्टची, तिथे आपली मोटर चालत नाही. माझ्या लेकीने घरघंटी नेली, आणि आता ती आठवड्याला लागेल तेवढंच दळते. तिच्या इंग्रज शेजारणीलाही ताज्या पिठाच्या पोळीची चटक लागली आहे.

'नाही चालत' एवढंच नको

आता जे सांगायचं होतं त्याकडे येते. आमच्या नात्यातली एक मुलगी लग्न होऊन परदेशात गेली. पहिल्या वर्षी ती आईला रोज फोटो पाठवायची. आईचं उत्तर ठरलेलं, "नाही चालत. टाकून दे." का चालत नाही, मग त्याऐवजी काय घ्यावं, काही नाही. वर्षभराने फोटो यायचे थांबले. आईला वाटलं, पोरगी आता शिकली, तिला निवडता येऊ लागलं. प्रत्यक्षात पोरीने पुडा उलटून बघणंच सोडलं होतं. पुढे तिच्या मुलाने आजीसमोर जेलीच्या गोळ्या खाल्ल्या तेव्हा ते उघडकीला आलं. रडारड झाली, पण बोलणं झालं नाही. दोघींमध्ये अजून एक अढी आहे.

मी त्या मुलीला दोष देत नाही. परक्या देशात, नोकरी आणि लेकरू सांभाळून, दुकानातल्या गर्दीत उभं राहून बारीक अक्षरं वाचायला मनाचं बळ लागतं, आणि ते बळ नुसत्या नकारातून येत नाही, कारण कळल्यावर येतं. जिलेटिन म्हणजे काय हे ज्या मुलीला ठाऊक आहे, तिला आईला विचारावं लागत नाही. ती स्वतःच पुडा परत ठेवते. आणि ज्या मुलीला आपण रागवणार नाही याची खात्री आहे, ती संशय आला तर विचारते.

हा सगळा इतिहास मला तेवढ्यासाठीच सांगायचा होता. हिरवा ठिपका असो, ठळक छापलेलं अंडं असो की 'व्हीगन' हा शब्द असो, यातलं काहीही दुकानदारांनी आपणहून दिलेलं नाही. कुणीतरी विचारत राहिलं म्हणून ते आलं. गांधीजींनी वाढणाऱ्याला विचारलं, वकिलाने कंपनीला विचारलं, इंग्लंडच्या लोकांनी चॉकलेटवाल्याला विचारलं. आपले लोक संख्येने थोडे आहेत, म्हणून जगातल्या बाजाराने आपल्यासाठी वेगळा ठिपका काढला नाही. तोवर आपला ठिपका म्हणजे आपल्या मुलींचं विचारणं.

म्हणून माझी विनंती आहे. यंदाच्या दशलक्षणात आपापल्या श्राविका मंडळात एक वही करा. परदेशातल्या मुलींनी पाठवलेल्या प्रत्येक पुड्याचं नाव, त्यातला संशयाचा घटक, तो कशापासून करतात, आणि त्याऐवजी काय घ्यावं, असे चार रकाने आखा. ज्या सुना इंग्रजी वाचतात त्यांना घटक शोधू द्या, ज्या आज्या शास्त्र जाणतात त्यांना कारण सांगू द्या. महिन्याला एक पान भरलं तरी चालेल. आणि फोटो आला की उत्तर "नाही" असलं तरी त्यापुढे "कारण" हा शब्द लिहायला विसरू नका.

तुमच्याकडे अशी काही माहिती असेल तर मला जरूर कळवा, माझ्या वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत.

जय जिनेंद्र.